गंजाचे मोजमाप आणि किनाऱ्यावरील गावे



रत्नागिरी जिल्ह्यातील पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिस्थानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. समुद्र जवळ असल्याने अशा गावांच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि पावसाळ्यात दमटपणा हटत नाही. शाळेचे पत्रे, खिडक्यांचे गज, पाणीपुरवठ्याचे पंप यांना गंज चढतो, हे किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींना सांगावयास नको. तो किती वेगाने चढतो, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. ते मोजावे लागते.

लोखंड गंजते तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युत् घट काम करीत असतात. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते. दुसऱ्या जागी ओलाव्यातील ऑक्सिजन ते स्वीकारतो. क्षारयुक्त ओलावा या क्रियेला वेग देतो.

हा वेग मोजण्यासाठी प्रयोगशाळेत सपाट नमुन्याचा घट वापरतात. पत्र्याचा तुकडा घटाच्या तोंडाशी रबरी किंवा टेफ्लॉनच्या कड्याने घट्ट बसवतात. त्यामुळे ठरावीक क्षेत्रफळच, बहुधा १ चौरस सेंटीमीटर, द्रावाला भिडते. द्रावात ३.५ टक्के मीठ असते. नमुन्याखेरीज प्लॅटिनमची जाळी व तुलनेसाठी एक संदर्भ-अग्र अशी आणखी दोन विद्युत् अग्रे असतात. पोटेन्शिओस्टॅट हे यंत्र नमुन्याचे विद्युत् वर्चस् थोडेथोडे बदलून प्रवाह नोंदविते; त्या नोंदींवरून गंजाचा प्रवाह काढतात. लोखंडाच्या चौरस सेंटीमीटरला १ मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर झीज. प्रवाह १० मायक्रोअँपिअर असेल, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा उघडा पत्रा एका बाजूने सव्वाचार वर्षांतच संपेल.

कडे सैल बसले, तर फटीत वेगळाच गंज सुरू होऊन आकडा फसवा ठरतो. शिवाय घटातील नमुना सतत भिजलेला असतो, छपरावरचा पत्रा आळीपाळीने भिजतो व सुकतो. म्हणून प्रयोगशाळेच्या निष्कर्षाला उघड्या हवेतील चाचणीची जोड लागते. कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत्‌रासायनिक संशोधन संस्था १९५३ पासून अशा विषयांवर कार्य करीत आहे. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेतही गंजरोधनाचा अभ्यास होतो.

जस्त स्वतः झिजून लोखंड राखते. म्हणून पत्रे खरेदी करताना केवळ दर न पाहता, जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, हे निविदेतच नमूद करावे. शिक्षकांनी साध्या व मिठाच्या पाण्यात भिजवलेले खिळे हवेत शेजारी ठेवून मुलांकडून रोज नोंद करवून घ्यावी. गंज एका रात्रीत येत नाही. वेळीच मोजला, तर सार्वजनिक पैशाची मोठी हानी टळू शकते.