रेशमाच्या किड्याचे पथ्यपाणी



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय या व्यासपीठावरून आपण ऐकले आहेत. आज आम्ही एका अळीच्या जेवणाविषयी बोलणार आहोत. काहींना हसू येईल, येऊ द्यावे. पण दिवस लग्नसराईचे आहेत, आणि पेटीतून निघणाऱ्या पैठणीचे रेशीम या अळीनेच तुतीच्या पाल्यातून काढलेले असते, एवढे ध्यानात असू द्यावे.

ही अळी अंड्यातून निघाल्यापासून सुमारे २५ ते २८ दिवसांत कोष विणावयास लागते. तेवढ्या अवधीत ती चार वेळा कात टाकते आणि तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. जन्मभरात खाल्लेल्या पाल्यापैकी चार पंचमांश पाला ती शेवटच्या अवस्थेत, आठवडाभरात फस्त करते. ती पाणी पीत नाही. पाला हेच तिचे अन्न आणि पाला हेच तिचे पाणी. पुढे तोंडातून जो तंतू ती काढते तो मुख्यतः प्रथिनांचा असतो आणि त्या प्रथिनांची सामग्री पाल्यातूनच आलेली असते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

मग आडातच भर घातली तर? पूरक आहाराची सारी कल्पना या प्रश्नातून निघाली. जपानातील शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास तुतीच्या पाल्याची पूड, सोयाबीनचे पीठ, जीवनसत्त्वे इत्यादी एकत्र करून कृत्रिम खाद्य तयार केले आणि त्यावर अळ्या कोषापर्यंत वाढवून दाखविल्या. त्यामुळे तिला कशाची गरज आहे, हे एकेक पदार्थ वगळून तपासता येऊ लागले. तोशिओ इतो यांनी १९६१ साली तिच्या वाढीतील 'क' जीवनसत्त्वाचे महत्त्व दाखविले. 'ब' वर्गातील जीवनसत्त्वेही तिला लागतात. तेव्हापासून पाल्यावर जीवनसत्त्वांचे द्रावण, सोयाबीनचे पीठ, मध, शेवाळाची भुकटी असे नाना पदार्थ घालून प्रयोग झाले, आणि त्यांतील कित्येकांत वजन व रेशीम वाढल्याचे आढळले.

येथपर्यंत ऐकून एखादा शेतकरी उठेल आणि बाटली विकत आणील. त्याला आमचे सांगणे, जरा थांबावे. ज्या 'क' जीवनसत्त्वासाठी आपण पैसे मोजणार, ते सकाळी तोडलेल्या ताज्या तुतीच्या पाल्यात भरपूर असते. पाला उन्हात पडून सुकला की ते घटते आणि पाणीही जाते. तेव्हा आधी पाला वेळेवर तोडावा, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावा. तुतीला शेणखत आणि पाणी द्यावे. पूरक आहार उणीव भरून काढतो. उणीव नसेल तेथे तो काय भरणार? आणि अति झाले तर अपाय ठरलेला. इराणच्या गीलान प्रांतात निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत देऊन पाहिले, तेव्हा अळ्यांची वाढ खुंटली.

दुसरा भ्रम याहून महाग पडतो. तो म्हणजे खुराकाने रोग हटतो हा. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात फ्रान्समध्ये पेब्रिन रोगाने रेशमाचा धंदा बुडावयास आला, तेव्हा लोकांनी पाल्यावर गंधक, कोळशाची पूड, फार काय मद्यदेखील शिंपडून पाहिले. अळ्या मरतच राहिल्या. १८६५ साली लुई पाश्चर तेथे गेले. रोग अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो हे त्यांनी ओळखले आणि अंडी घालणारी मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, रोगी निघाली तर तिची अंडी नष्ट करावी, अशी रीत घालून दिली. आज शेतकरी रोगमुक्त अंडीपुंज घेतो ते याच रीतीमुळे. या रोगावरचा उपाय अळीच्या ताटात नव्हता.

आता आमच्याच हातची एक चूक सांगतो. चौथी कात टाकून उठलेल्या अळ्यांना जोर यावा म्हणून आम्ही पाल्यावर द्रावण शिंपडले आणि घाईघाईने पाला ओलाच घातला. हवा दमट होती. खालचा बिछाना ओलावला, अळ्या मऊ पडू लागल्या, पुढे दुर्गंधी सुटली. द्रावणाला आम्ही चार दिवस शिव्या दिल्या. पण दोष आमच्या घाईचा होता. पाला सावलीत वाळवून वरचे पाणी उडाल्यावर घातला असता तर ती वेळ आली नसती.

म्हणून आम्ही एकच कसोटी सुचवितो. एकाच अंडीपुंजाच्या अळ्यांचे दोन भाग करावे. पाला एकाच शेतातला, जागा एकच. एका भागाच्या पाल्यावर द्रावण शिंपडावे आणि दुसऱ्याच्या पाल्यावर तेवढेच साधे पाणी. कोरड्या दिवसांत पाल्याला नुसते पाणी मिळाल्यानेही अळी सुधारते, आणि श्रेय मात्र बाटलीला जाते! शेवटी दोन्हीकडचे पंचवीस-पंचवीस कोष कापून, आतला कोशित काढून, नुसते कवच तोलावे. चांगल्या संकरित जातीत कवच कोषाच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश भरते. कोष जड लागला, पण वजन आतल्या कोशिताचेच निघाले, तर रेशीम वाढले नाही. वाढलेल्या कवचाची किंमत बाटलीच्या किंमतीहून अधिक भरली, तरच बाटली घ्यावी.

जालन्यास २०१८ साली कोषांची बाजारपेठ उघडली. त्यापूर्वी मराठवाड्यातला शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरास जात असे. एवढा प्रवास करून हलक्या कोषांना हलका भाव मिळाला, म्हणजे घरी परतणाऱ्या माणसाची अवस्था काय होत असेल, याची आपण कल्पना करावी. त्याच्या हाती आशेची बाटली देणे सोपे आहे. त्याऐवजी आपण त्याच्या हाती तराजू द्यावा, असे आम्हांस वाटते.