पायडलवर मोबाइल चार्जिंग

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंत सायकल मारणाऱ्यांना वाटेत मोबाइलही चार्ज करता येईल. चाकाला घासून फिरणारा जुना डायनॅमो साधारण 6 व्होल्ट, 3 वॅट वीज देतो. पण ती एसी, वेगाबरोबर चढणारी-उतरणारी. फोनला हवी 5 व्होल्टची स्थिर डीसी. म्हणून मध्ये चार डायोडचा रेक्टिफायर, कपॅसिटर आणि रेग्युलेटर लागतोच. थेट तार जोडलीत तर फोनची खैर नाही! नोकियाने 2010 मध्ये असा तयार संच काढला होता. ताशी 6 किलोमीटरला त्याचं चार्जिंग सुरू होई. आजच्या मोठ्या बॅटऱ्यांना मात्र वेळ लागतो. शिवाय सिग्नलला थांबलात की वीजही थांबते. त्यापेक्षा आधी पॉवर बँक भरावी, फोन नंतर. आणि कान्हेरीचा चढ? तिथे डायनॅमो चाकापासून दूर केलेला बरा, उतारावर लावा.