अधांतरी व्यवहार



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत संगणकांमधील व्यवहारांचा विषय काहींना परका वाटेल. परंतु ज्या संस्थेचा कारभार शंभर वर्षे देवघेवीच्या नोंदवहीवर चालला, तिच्या सभासदांना या विषयाचा गाभा नवा नाही. पुस्तक वाचकाच्या हाती गेले आणि नोंद करावयाची राहून गेली, किंवा नोंद झाली आणि पुस्तक कपाटातच राहिले, तर वही खोटी ठरते. दोन्ही गोष्टी घडाव्यात, नाहीतर एकही घडू नये, ही अट संगणकशास्त्रातील ‘ट्रान्झॅक्शन’ अथवा ‘व्यवहार’ या संज्ञेच्या मुळाशी आहे.

एका संगणकापुरती ही अट पाळणे साध्य आहे. करावयाचा बदल आधी कायम टिकणाऱ्या वहीत लिहावयाचा. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून अर्धवट काम पुरे करावयाचे वा रद्द करावयाचे. प्रश्न उभा राहतो तो एकाच व्यवहाराच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या संगणकांवर असतात तेव्हा. रेल्वे आरक्षणाची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ साली ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने परस्परांशी जोडली गेली. पैसे एका केंद्राच्या खिडकीवर घ्यावयाचे आणि जागा दुसऱ्या केंद्राच्या हिशेबातून द्यावयाची, असे व्यवहार तेव्हापासून नित्याचे झाले. पैसे घेतले आणि तिकडे जागा नोंदली गेली नाही, तर प्रवासी फसतो. उलट झाले, तर बर्थ फुकट अडून राहतो.

यातील मूळ अडचण सैन्याच्या दृष्टांताने सांगण्याची प्रथा आहे. दरीच्या दोन बाजूंना दोन सेनापती आहेत. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. आणि निरोप नेणारा दूत वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप धाडला, तर तो पोहोचल्याची पोच हवी. पोच मिळाल्याची पुन्हा पोच हवी. अमुक इतक्या निरोपांत काम भागते असे मानले, तर शेवटचा दूत हरवूनही भागले पाहिजे. म्हणजे तो अनावश्यक ठरला. मग त्याच्या आधीचाही अनावश्यक, आणि असे मागे जाता एकही दूत उरत नाही! १९७५ साली संशोधकांनी मांडलेला हा पेच १९७८ साली अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी सेनापतींच्या नावाने प्रसिद्ध केला. त्याच लेखात त्यांनी दोन टप्प्यांत व्यवहार पक्का करण्याची रीतही वर्णिली. पुढे १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २००७ च्या जानेवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची नौका घेऊन समुद्रात गेले, ते परतले नाहीत.

ही रीत अशी. एक सर्व्हर समन्वयक होतो व प्रत्येक सहभागी सर्व्हरला विचारतो, ‘तयार आहात काय?’ सहभागी आपल्या वहीत ‘तयार’ असे लिहितो आणि मगच होकार कळवितो. सर्वांचे होकार आले की समन्वयक स्वतःच्या वहीत निर्णय लिहितो. व्यवहार पक्का होतो तो त्याच क्षणी. नंतरचे निरोप केवळ वार्ता देण्यासाठी. इंग्रजी ग्रंथांत याला ख्रिस्ती विवाहविधीतील धर्मगुरूची उपमा देतात. (मराठी लग्नात होकार बोलणीच्या बैठकीतच झालेला असतो, त्यामुळे ती येथे तितकीशी चपखल बसत नाही.)

होकार दिल्यानंतर आणि निर्णय कळण्यापूर्वी समन्वयक गप्प झाला, तर सहभागी सर्व्हर अधांतरी राहतो. त्याला पुढे जाता येत नाही आणि माघारही घेता येत नाही, कारण दिलेला शब्द वहीत आहे. त्या नोंदींना घातलेले कुलूपही तो सोडू शकत नाही. दोष असतो दुसऱ्या गावी आणि खोळंबा दिसतो येथे. ओरॅकल या डेटाबेसमध्ये अशा कुलपापाशी अडलेल्या व्यवहाराला, कुलूप अधांतरी व्यवहाराचे असल्याची सूचना लगेच मिळते. खिडकीवरचा लिपिक आपले यंत्र बिघडले असे समजतो.

दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम पाहावयाचा तो रस्ता. मायक्रोसॉफ्टच्या व्यवहार-समन्वयकाचा अनुभव येथे बोलका आहे. पहिला सर्व्हर दुसऱ्याला नावाने ओळखतो, एवढ्याने भागत नाही. दुसऱ्यालाही पहिल्याचे नाव सापडले पाहिजे, कारण उत्तर उलट दिशेने यावयाचे असते. फायरवॉलमध्ये १३५ क्रमांकाचे दार उघडे असते, पण त्या दारावर चौकशी केल्यावर ज्या दुसऱ्या दाराकडे पाठविले जाते, ते बंद असते. २००३ च्या विंडोज सर्व्हरपासून तर जाळ्यावरील हे व्यवहार मुळातच बंद ठेवलेले येतात. ते मुद्दाम सुरू करावे लागतात. कधी एकाच डिस्कची नक्कल करून दोन सर्व्हर उभारलेले असतात, आणि दोघांच्या समन्वयकांची ओळखखूण एकच निघते. मग सारे काही सुरळीत दिसत असूनही बोलणे जमत नाही.

रस्ता मोकळा झाला की बहुतेक वेळा यंत्रणा स्वतःच सावरते. ओरॅकलमध्ये त्यासाठी ‘रेको’ नावाची प्रक्रिया पार्श्वभूमीवर प्रयत्न करीतच असते. खरी परीक्षा असते ती रस्ता लवकर मोकळा होत नाही, रांग वाढत जाते आणि वरिष्ठ ‘काहीतरी करा’ म्हणतात तेव्हा. अधांतरी व्यवहार हाताने पक्का वा रद्द करण्याचा अधिकार प्रशासकाला असतो. एका आज्ञेने कुलूप सुटते व रांग हलते. परंतु समन्वयकाच्या वहीत उलट निर्णय असेल, तर पैसे आणि जागा यांचा मेळ तुटतो. संपर्क पूर्ववत झाल्यावर ओरॅकल त्या नोंदीपुढे ‘मिक्स्ड’ असा शेरा मारते. पण तोवर त्या जागेवर दुसरा प्रवासी बसलेला असू शकतो, आणि हिशेब माणसाने कागद घेऊन जुळवावा लागतो.

म्हणून आज्ञा देण्यापूर्वी समन्वयकाची वही गाठावयाची, मग त्यासाठी त्या गावी दूरध्वनी करून तेथील माणसाकडून ती वाचून घ्यावी लागली तरी चालेल. व्यवहाराचा क्रमांक दोन्हीकडे नोंदलेला असतो, तो जुळवावयाचा. वहीत निर्णय सापडला की त्याप्रमाणे करावयाचे. न सापडला तर? आय.बी.एम.च्या सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात या प्रश्नाचे उत्तर आहे. नोंद नसेल, तर व्यवहार रद्द झाला असे गृहीत धरावयाचे, अशी शिस्त त्यांनी समन्वयकालाच लावून दिली. मात्र ज्या यंत्रणेत हा नियम पाळला जातो तेथेच हे गृहीत चालते, आणि वही पूर्ण वाचलेली असली पाहिजे. अर्धी फाटलेली वही म्हणजे नोंद नसलेली वही नव्हे.

गूगलने २०१२ साली वर्णन केलेल्या ‘स्पॅनर’ या प्रणालीत समन्वयकाची वही एकाच ठिकाणी ठेवलेली नसते. अनेक सर्व्हर तिच्या प्रती बहुमताने सांभाळतात. एक गप्प झाला, तरी उरलेल्यांपैकी कोणीतरी निर्णय वाचून दाखवितो. ज्या कार्यालयांत दोनच सर्व्हर आणि त्यांना जोडणारी एकच तार असते, तेथे मात्र दूरध्वनी अजूनही उचलावा लागतो.