मुलांचीं चित्रपुस्तकें आणि मैत्रीची गोष्ट

मुलांच्या हातीं छापील मराठी पुस्तक येऊं लागल्यास आतां दोन शतकें होत आलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘बाळमित्र’ सिद्ध केलें, तें एका फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून. त्याच वर्षीं इसापाच्या कथाहि त्यांनीं मराठींत आणल्या. अगदीं आरंभींच्या बालपुस्तकाच्या नांवांत ‘मित्र’ हा शब्द असावा, ही गोष्ट मोठी गोड आहे. मात्र पुढें शाळांतून या कथांची जी रीत पडली ती तितकी गोड नव्हती. गोष्ट संपली कीं खालीं तात्पर्य यावयाचें, आणि गोष्टीपेक्षां तात्पर्यच पाठ करवून घ्यावयाचें. ‘एकीनें राहावें’ हें वाक्य घोकलेलीं मुलें मधल्या सुटींत पेरूच्या फोडीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटीत, हें कोणत्या शिक्षकानें पाहिलें नाहीं?

चित्रपुस्तकाचा मार्ग निराळा आहे. चित्रें घातलेलें प्रत्येक पुस्तक या नांवास पात्र होत नाहीं. कोमेनियस या शिक्षणवेत्त्यानें १६५८ मध्यें मुलांकरितां सचित्र पुस्तक काढलें, त्यांत चित्र हें वस्तूची ओळख करून देण्यापुरतें होतें. आज ज्यास चित्रपुस्तक म्हणतात त्यांतील चित्र झांकलें तर गोष्टच लंगडी पडते. पानें सोळा, चोवीस किंवा बत्तीस; एका पानावर दोन-तीन ओळी; आणि वाचणारे दोघे. आई किंवा आजोबा अक्षरें वाचतात, मूल चित्र वाचतें, आणि बहुधा मूलच आधीं वाचून मोकळें होतें. मराठींत माधुरी पुरंदरे यांनीं स्वतः लिहून व स्वतः चित्रें काढून हें काम कसोशीनें केलें आहे. ज्योत्स्ना प्रकाशनानें काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’मध्यें उपदेश शोधूं जातां सांपडत नाहीं, घरांतलीं माणसें मात्र भेटतात. २०१४ सालीं साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांस मिळाला.

मैत्री आणि समूहजीवन या विषयांसाठीं या देशांत पंचतंत्राइतकी जुनी व भरघोस खाण दुसरी नाहीं. त्याच्या दुसऱ्या तंत्राचें नांवच मित्रसंप्राप्ति. आकाशवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं; तेव्हां श्रोत्यांनीं क्षणभर डोळे मिटून तें पाहावें. व्याधानें दाणे टाकले आहेत आणि कबुतरांचा थवा जाळ्यांत सांपडला आहे. प्रत्येकजण आपापल्या दिशेला ओढतो, तोंवर जाळें हलत नाहीं. मग राजा चित्रग्रीव सर्वांना एकदम उडावयास सांगतो, आणि जाळेंच आकाशांत चढतें. खालीं व्याध धांवतो आहे. हीं भांडूं लागलीं कीं खालीं पडतील, अशी त्याची आशा!

शाळेंत ही गोष्ट बहुधा येथेंच संपवितात. मूळ कथेंतील खरें मर्म याच्या पुढें आहे. थवा चित्रग्रीवाचा मित्र हिरण्यक उंदीर याच्या बिळापाशीं उतरतो. हिरण्यक साहजिकच प्रथम आपल्या मित्राचेच पाश कुरतडूं लागतो. तेव्हां चित्रग्रीव त्याला थांबवितो आणि आधीं आपल्या अनुयायांस सोडविण्यास सांगतो. आतां हें पान कसें काढावें? कुशल चित्रकार येथें एक अक्षरहि लिहिणार नाहीं. बहुतेक कबुतरें मोकळीं होऊन फांदीवर बसलीं आहेत, उंदराच्या पायापाशीं दोऱ्यांचा ढीग पडला आहे, आणि एकच कबुतर, थव्यांतील सर्वांत मोठें, अजून जाळ्यांत आहे. चार वर्षांचें मूल त्यावर बोट ठेवून विचारील, “हें का राहिलें?” हा प्रश्न मुलाच्या तोंडून येणें हेंच त्या पानाचें सार्थक. आईनें घाईघाईनें उत्तर देऊन टाकलें तर पान वाया गेलें.

त्याच तंत्रांत पुढें लघुपतनक कावळा हिरण्यकाशीं मैत्री करूं इच्छितो, आणि उंदीर साफ नकार देतो. कारण कावळा खाणारा आणि उंदीर खाद्य. हा नकार मुलांच्या पुस्तकांतून गाळण्याची चाल आहे, ती चुकीची आहे. मुलाला विश्वास एकदम बसत नाहीं, हें मुलाला ठाऊक असतें. वर्गांत नव्यानें आलेल्या मुलाशेजारीं बसणें काय असतें, हें त्यानें अनुभवलेलें असतें. पहिल्या पानापासून सर्व प्राणी गळ्यांत गळे घालून हंसत असलेलीं गुळगुळीत पुस्तकें बाजारांत पुष्कळ मिळतात. त्यांत अडचणच नसल्यामुळें मित्राची गरजहि कोणास पडत नाहीं.

परदेशांतील एक उदाहरण येथें आठवतें. लिओ लिओनी यांच्या १९६३ सालच्या ‘स्विमी’ या पुस्तकांत भयानें दडलेल्या लहान लाल माशांना एक काळा मासा एका मोठ्या माशाच्या आकारांत पोहावयास शिकवितो, आणि स्वतः त्या आकाराचा डोळा होतो. चित्र एवढें बोलकें आहे कीं भाषांतराची गरज पडूं नये. कबुतरांच्या थव्याचा तो सख्खा भाऊच म्हणावा.

आतां हें पुस्तक कोणत्या मुलाच्या हातीं पडावयाचें? नाशिकच्या इंदिरानगराचें उदाहरण घ्यावें. मुंबई-आग्रा रस्त्याच्या बोगद्यापलीकडील ही वसाहत जुन्या नाशकांतील वाड्यांहून अगदीं निराळी. वाड्याला एक चौक असे, आणि भांडणें व समेट दोन्ही तेथेंच होत. नव्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरील मुलाला लिफ्टचीं बटणें ओळखतां येतात. समोरच्या दारामागील मुलाचें नांव ठाऊक असेलच असें नाहीं. अशा घरांत मैत्रीचें पुस्तक महाग म्हणून कपाटांत जपून ठेवावें, आणि एकट्या मुलानें तें एकट्यानें पाहावें, यासारखी विसंगति दुसरी कोणती?

१९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें कामास आरंभ केला, तेव्हां मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी, असा मार्ग त्यांनीं काढला. पुस्तकांच्या बाबतींत अशीच वाट नाशकानेंच दाखविली आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या द्वारां विनायक रानडे यांनीं २००९ सालीं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे राहते, आणि कांहीं महिन्यांनीं पेट्यांची अदलाबदल होते. इमारतींतील दहा-बारा कुटुंबांना आपल्यापुरती लहान पेटी करणेंहि अवघड नाहीं. तींत पांच-सहा चित्रपुस्तकें पुरेत. सायंकाळीं जिन्याच्या पायऱ्यांवर मुलांना बसवावें, मोठ्या मुलानें वाचावें, लहानांनीं चित्र पाहण्यासाठीं डोकीं एकमेकांवर आदळावीं. भांडण होईल, तें होऊं द्यावें. असें पुस्तक दहा घरें फिरलें कीं एखादें पान, बहुधा जाळ्याचेंच, शिवणींतून सुटून येतें. तें डिंकानें चिकटवून पुढल्या घरीं पाठवावें.