आग्वादच्या दिव्याखाली



सरकारी बदल्यांमुळे आमचे आयुष्य समुद्रापासून दूर गेले. म्हणून रजेत सहकुटुंब गोव्यास गेलो, तेव्हा आग्वादच्या भूशिरावर मन भरून आले. मांडवीच्या मुखावरील हा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. गलबते येथील गोडे पाणी भरून घेत. १८६४ साली येथे वाटोळा दीपस्तंभ उभा राहिला. १९७६ पर्यंत त्याने नाविकांना वाट दाखविली. पुढे ते काम शेजारच्या नव्या दीपस्तंभाकडे गेले.

परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात, तो येथे अक्षरशः होता. किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या काठी, तुरुंग होता. परक्या जहाजांना वाट दाखविणाऱ्या त्या दिव्याखाली गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक कोठडीत होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली येथेच कोंडले आणि नंतर पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. २०२१ साली त्या तुरुंगाचे संग्रहालय झाले.

पहिल्या भेटीत आम्ही दीपस्तंभ पाहूनच परतलो होतो, ही खंत आजही आहे. आपण मुलाबाळांसह जाल, तेव्हा चार पायऱ्या खाली अवश्य उतरा.