'अशराफ' म्हणजे कोण?
(पनवेल येथील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे: 'अशराफ'. अरबीत 'शरफ' म्हणजे मान, प्रतिष्ठा. त्यावरून 'शरीफ', आणि त्याचं अनेकवचन 'अशराफ'. गंमत बघा, 'शरीफ माणूस' म्हणताना आपण त्याची वागणूक बघतो. 'अशराफ' म्हणताना त्याचा जन्म!

हिंदुस्थानात सय्यद, शेख, मुघल, पठाण हे अशराफ ठरले; विणकर, पिंजारी यांसारखे कारागीर 'अजलाफ'; आणि सफाईसारखी कामं करणारे 'अरजल'. 1901 च्या जनगणनेच्या बंगाल अहवालात ही उतरंड नोंदली आहे. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात तिचा दाखला दिला. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही हे तिन्ही शब्द आहेत.

कुणी म्हणेल, हे उत्तरेकडचं. आपल्या कोकणात असं कोण बोलतं? शब्द बोलत नाहीत, खरं आहे. पण स्थळ आलं की 'खानदान कसं आहे?' विचारतात ना? दालदी, पिंजारी, तांबोळी म्हटल्यावर आवाज खाली येतो ना? अशराफपण ते हेच.

आणि त्याची किंमत कोण मोजतं? जालन्याच्या शब्बीर अहमद अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमारही तिच्या पाठीशी उभे राहिले. 1994 साली महाराष्ट्र शासनाने या सवलतींचा निर्णय काढला. तरी आजही घरात मुलांना सांगितलं जातं, 'आपल्यात जात नसते.' दीन म्हणून ते बरोबरच आहे. सूरह हुजुरातमध्ये कुळं ओळखीसाठी आहेत आणि मान तकव्याला आहे. पण तहसील कचेरीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' असतं. प्रवेशाची तारीख निघून जाते. नुकसान कुणाचं? पिंजाऱ्याच्या, तांबोळ्याच्या मुलीचं.

म्हणून दोन कामं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना पिढीजात धंदा विचारा, जुने दाखले, खरेदीखतं शोधून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि लग्नाच्या बैठकीत खानदानाची चौकशी सुरू झाली, की अदबीनं म्हणा, 'चाचा, माणूस शरीफ आहे का, तेवढं विचारू या.'