विषयांची निवड आणि विद्यार्थ्याचा कल



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले. म्हणून आजच्या विवेचनातील मोठा वाटा मी गणितालाच देणार आहे. शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर मुलाने कोणते विषय घ्यावेत, हा प्रश्न घराघरांत चर्चिला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा गुणपत्रिकेत शोधले जाते. मला ती जागा अपुरी वाटते.

संस्कृतात नव्वद आणि विज्ञानात सत्तर गुण मिळविणारा मुलगा भाषेकडेच वळावा, असे त्या आकड्यांवरून ठरत नाही. रूपे आणि नेमलेले श्लोक पाठ करून नव्वद मिळू शकतात. त्याच मुलाने विज्ञानातील न शिकविलेले उदाहरण संध्याकाळभर एकट्याने सोडवीत बसावे आणि उत्तर चुकल्यावर दुसरी रीत शोधावी, याला मी त्याचे बळ म्हणेन. मुलगा कोणत्या विषयात चुकतो यापेक्षा चुकल्यावर कोणत्या विषयाकडे पुन्हा परततो, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. दुर्दैवाने त्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.

आपल्या बडोद्याला हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० साली कलाभवन सुरू केले, तेव्हा हाताचे कौशल्य हीदेखील शिकण्याची एक रीत आहे हे मान्य झाले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून येथे आलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचाही अभ्यास केला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. फाळक्यांना त्यांच्या विद्यार्थिदशेत आजच्या प्रवेशअर्जातील कोणत्या चौकोनात बसविले असते, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. त्याच कलाभवनातून पुढे आपल्या विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा उभी राहिली.

आता गणिताकडे येतो. केंद्रीय माध्यमिक मंडळाने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर करून २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. गुजरात मंडळाने २०२१-२२ पासून तीच वाट धरली. वर्गातले शिकविणे एक, अभ्यासक्रम एक. काठिण्य तेवढे वेगळे. ज्याला पुढे गणित नकोच आहे त्याच्यावरचे ओझे हलके करावे, हा हेतू चांगलाच होता. व्यवहारात काय होते? चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एका चाचणीत घाबरतो, टक्केवारी वाढेल म्हणून वडील मान डोलावतात आणि परीक्षेच्या अर्जात ‘बेसिक’वर खूण होते. मूळ योजनेत बेसिक घेणाऱ्यास अकरावीचे गणित सहजी खुले नव्हते. पुढे वेळोवेळी सवलती मिळाल्या, म्हणून खूण करण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक वाचणे आवश्यक आहे. शेजाऱ्याच्या मुलाचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही.

भीतीपोटी केलेली निवड पुढे कोठे अडते, ते पाहा. चित्रकलेत रमणाऱ्या मुलीला ‘तुला गणित कशाला हवे’ असे सहज सांगितले जाते. पण वास्तुकलेच्या पदवीला बारावीचे गणित लागते, आणि रेषेवर हुकमत असलेल्या मुलीला ती वाट आवडण्याचा संभव मोठा. गणिताला भिऊन वाणिज्य शाखेत गेलेल्यापुढे ज्याला आपण येथे ‘आंकडाशास्त्र’ म्हणतो ते येऊन उभे राहते. विज्ञान शाखेत गणिताचा ‘ए’ आणि जीवशास्त्राचा ‘बी’ असे गट आहेत. जीवशास्त्राचे दार एकदा बंद झाले की उघडत नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते उत्तीर्ण होणाऱ्यांनाही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा मार्ग मोकळा केला. उलट, ज्याला गणितात खरोखर रस नाही आणि ज्याची वाट इतिहासाकडे वा संगीताकडे स्पष्ट दिसते, त्याने बेसिक घेण्यात कोणताही कमीपणा नाही. त्याला लाज वाटायला लावणारे आपणच असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधल्या भिंती कमी करण्याचे सांगितले आहे. मात्र त्यासाठी शाळेत तेवढे शिक्षक आणि तेवढे तास हवेत, हे लहान शाळा चालविणाऱ्या विश्वस्तांना मी सांगायला नको.

शाळेला माझी एक विनंती आहे. आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक साधी वही ठेवावी. वर्गशिक्षकांनी सत्रातून दोनदा त्यात तीन-चार ओळी लिहाव्यात: न सांगता काय वाचले, कोणते उदाहरण अर्धवट सोडले नाही, काय दुरुस्त केले, कोणाला काय समजावून दिले. गुण त्यात लिहू नयेत. दहावीचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात ती वही पालकांपुढे ठेवावी आणि मुलाला समोर बसवून, आधी त्याचे ऐकून, मग बोलावे. वास्तुविशारद, हिशेबनीस, परिचारिका, तबलावादक असे माजी विद्यार्थी आज या सभागृहात आहेत. त्यांपैकी चौघांनी जरी त्या आठवड्यात एकेक संध्याकाळ दिली, तरी येत्या जूनपासून हे काम सुरू करता येईल. वह्यांचा खर्च मी देतो.